टेबलाच्या पोटाला तीन हात

मंगळवार, ४ तारीख

धाकट्या,

पोचले. गाडी दोन तास उशिरा, कंबर मोडली, बाकी ठीक. स्टँडच्या मागे एका विधवा बाईकडे खोली घेतलीय. खाट आहे, खिडकी आहे, खिडकीतून समोरची भिंत दिसते. पुरे. पत्ता पाकिटाच्या मागे आहे, पत्रच टाक. कोपऱ्यावरच्या दुकानातून फोन केलास की सगळी गल्ली कान लावते, आणि हे गल्लीने ऐकायचं काम नाही.

तुला माहीत आहे तरी परत लिहिते, नाहीतर तू ढिला पडशील. चोवीस तारखेला, सोमवारी, कोर्ट आहे. मुंगीच्या बापाला चार वर्षांनी पोरीची आठवण झालीय. वकीलबाई स्पष्ट म्हणाल्या, बापासमोर आजीचं काही चालत नाही. पोरीची आई स्वतः उभी राहिली तर पोर वाचेल, नाहीतर बाप घेऊन जाईल. नऊ वर्षांची पोर त्या माणसाच्या घरात, ज्याच्या हातून तिच्या आईचा दात पडला. म्हणजे मला माझी लेक वीस दिवसांत शोधायची आहे. हातात काय, तर गेल्या वर्षी तिने मुंगीला स्वेटर पाठवला त्या पार्सलावरचा या गावाचा शिक्का, आणि आतली चिठ्ठी, "समुद्रासमोरच्या एका मोठ्या घरात लाकडाचं काम करते, बरी आहे." घराचा नंबर लिहायला हात दुखत होता.

इथे येऊन बघते तर मोठी घरं अकरा. समुद्राच्या रस्त्याला ओळीने उभी आहेत. जुन्या श्रीमंतांची. आता मालक कोणी राहत नाही, एक संस्था सांभाळते आणि लोक तिकीट काढून बघतात. आज पहिलं बघितलं. अठ्ठेचाळीस खोल्या. मालक वर्षातून सहा आठवडे यायचा म्हणे. एक खोली नुसत्या हातमोज्यांची. स्वयंपाकघर इतकं लांब की जेवण वर पोचेपर्यंत गार होत असणार. अठ्ठेचाळीस खोल्यांमध्ये माझ्यासारखीला टेकायला एक खुर्ची नाही, सगळ्या खुर्च्यांवर दोरी. माहिती सांगणारी पोरगी छताकडे बोट दाखवत होती आणि सगळे माना वर करून उभे. मी एकटी खाली बघत होते. लाकूड खाली असतं.

तिथलं काम तिचं नाही. टेबलांवर नुसतं वरून चकाकी मारलीय. खाऱ्या हवेने कडा पांढऱ्या पडल्यात.

मुंगीच्या वेण्या घट्ट घाल. आणि वकीलबाईंना सांग, मी लिहून दिलंय त्यात काही बदल नाही. ती स्वतःच्या पायाने गेली.

अक्का


शुक्रवार, ७ तारीख

प्रिय अक्का,

तुझं पत्र मिळालं आणि जीव भांड्यात पडला. तू एकटी एवढा प्रवास केलास, माझ्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. इकडे सगळं ठीक. मी मशीन तुझ्याच पुढच्या खोलीत आणून ठेवलंय. गिऱ्हाईकं विचारतात, मामा, शिलाईचं दुकान हलवलं का. मी म्हणतो, नाही, बढती झाली.

वेण्या घालतो. पहिल्या दिवशी एक वर एक खाली झाली, तर मुंगी म्हणाली, मामाआजोबा, पँटचे पाय तरी सारखे शिवता ना? शाळेत जाते. तुझ्याबद्दल एकदा विचारलं, आईबद्दल विचारलं नाही. पण परवा स्वेटर काढून बसली होती. हात तोकडे झालेत त्याचे. मी म्हटलं, उसवून वाढवून देतो. तर म्हणाली, नको, उसवू नका.

अक्का, राग मानू नकोस. अकरा घरं म्हणजे खूप झाली. तुझे गुडघे, तो समुद्राचा वारा. ती सापडायची असेल तर सापडेल, यायचं असेल तर येईल. तू परत ये, इथून काही प्रयत्न करता येईल.

वकीलबाई येऊन गेल्या. त्यांना विचारायचं होतं, भाची गेली त्या दिवशी घरात नेमकं काय झालं. मी म्हटलं, ते अक्काच सांगेल. त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं.

तुझा धाकटा


सोमवार, १० तारीख

धाकट्या,

इथून प्रयत्न म्हणजे काय करणार आहेस, शिट्टी वाजवणार?

दिवसाला एक घर करते. दुसऱ्यात नाचायची खोली, आरसे इतके की एक म्हातारी आत गेली तर चाळीस म्हाताऱ्या दिसतात, आणि चाळीसही दमलेल्या. तिसऱ्यात नोकरांचा जिना दाखवला. मालकाला नोकर दिसू नये म्हणून भिंतीच्या आतून काढलेला, माझे खांदे जेमतेम जातात. लोक "वा" म्हणाले. चौथं, पाचवं, काही नाही.

काल सहावं. ऐक. चोवीस जणांचं जेवणाचं टेबल, शिसवी. वरून बघूनच मी थांबले. कडा पांढऱ्या नव्हत्या. समुद्राची ओल खालून शिरते हे या लोकांना कळत नाही, सगळे वरून चकचकीत करतात. टेबलाच्या पोटाला तीन हात पॉलिश फक्त आपल्या दुकानात मारतात. तुझ्या मेहुण्याने मला शिकवलं, मी तिला. तिसरीत होती तेव्हा टेबलाखाली झोपून मारायची, नाकावर थेंब पडायचे.

मग मी दोरीखालून गेले. आडवी झाले आणि हात लावला. गुळगुळीत. पॉलिशातल्या चपडीचा वास अजून ताजा, महिनाही झाला नसेल. आणि डावीकडून उजवीकडे फिरवलेला हात, डावखुरीचा. धाकट्या, मी तिथेच पडून राहिले. उठवेना. चार वर्षांत तिच्या इतक्या जवळ मी आले नव्हते.

तेवढ्यात धोक्याची घंटा वाजायला लागली. वर्दीतले दोघं धावत आले.

"आजी, काय करताय?"

"चष्मा पडला, शोधतेय."

"चष्मा तुमच्या डोळ्यांवर आहे."

बाहेर काढलं. देखभालीची मुख्य बाई आली, इस्त्रीचे कपडे, इस्त्रीचं तोंड. मी म्हटलं, हे टेबल केलं ती कुठे आहे? कामगारांची माहिती आम्ही देत नाही. मी म्हटलं, मी तिची आई आहे. तर म्हणते कशी, "मग पत्ता तुमच्याकडेच असायला हवा."

मी बोलले तिला. चांगलंच बोलले. लोक छत सोडून माझ्याकडे बघायला लागले.

ती इथेच आहे. चौदा दिवस आहेत. वकीलबाईंना सांग, त्या दिवशी काही झालं नाही. कपाटाच्या कामावरून दोन शब्द झाले, ती गेली. एवढंच.

अक्का


बुधवार, १२ तारीख

प्रिय अक्का,

पत्र वाचून हसावं का रडावं कळेना. मुंगीला चष्म्याचं तेवढं वाचून दाखवलं, पोट धरून हसली. मग विचारलं, आजी टेबलाखाली काय शोधत होती? मी म्हटलं, चष्मा.

पण अक्का, हात जोडतो, तिथे आरडाओरडा करू नकोस. ती मुख्य बाई फार कडक आहे. भाचीची नोकरी पुढच्या महिन्यात कायम व्हायची आहे, तुझ्यामुळे तिच्यावर काही बालंट आलं तर तेही जाईल. शांतपणे परत ये. मी तुझ्यासाठी नाही, सगळ्यांसाठी सांगतोय.

काल मुंगीच्या बापाचा माणूस येऊन दारातून बघून गेला. घर मोजत असल्यासारखा. मुंगीला सांगितलं नाही, पण ती संध्याकाळभर माझ्या मशीनखाली बसून होती.

तुझा धाकटा


शुक्रवार, १४ तारीख

धाकट्या,

मुख्य बाई कडक आहे हे ठीक, ते मीच लिहिलं. नोकरी पुढच्या महिन्यात कायम व्हायची आहे हे तुला कोणी सांगितलं?

मी तीनदा वाचलं. मी चौथी शिकलेय, पण वाचता येतं.

इकडची बातमी अशी, की अकराही घरांच्या तिकिटाच्या खिडकीवर माझं वर्णन लावलंय. हिरवी शाल, जाड चष्मा, टेबलांखाली जाते. घरमालकिणीचा तपकिरी कोट घालून आठव्या घराला गेले. दारावरचा म्हणाला, "आजी, शाल बदललीत, चष्मा तोच आहे." आता रस्त्यावर उभी राहते, कामगार सुटायच्या वेळेला. अकरा फाटकं आणि डोळे दोन. एका फाटकाशी उभी राहिले की वाटतं, ती आत्ता दुसऱ्यातून बाहेर पडत असेल. मग धावते. मी, या वयात, श्रीमंतांच्या कुंपणाकडेने धावते. काल धाप लागून खाली बसले तर बंगले बघायला आलेल्या एका बाईने पाण्याची बाटली दिली आणि विचारलं, तुम्ही पण एकट्याच आलात का फिरायला?

दहा दिवस राहिले. तुला काय माहीत आहे ते सगळं लिही. पत्रात फुलं काढू नको.

अक्का


रविवार, १६ तारीख

अक्का,

फुलं काढत नाही.

मला ती कुठे आहे हे चार वर्षं माहीत आहे. दर महिन्याला माझ्या दुकानाच्या पत्त्यावर तिचं पत्र येतं. मी मुंगीची खबर कळवतो, फोटो पाठवतो, उंची दोऱ्याने मोजून तो दोरा पाठवतो. स्वेटर त्या दोऱ्यावर विणला होता. तिने मला शपथ घातली होती, आईला सांगायचं नाही. मी विचार केला, आज नाही तर उद्या दोघी शांत होतील. तुमच्या दोघींत शांत होणारी कोण हा विचार केला नाही.

कोर्टाचा कागद आला त्याच दिवशी मी तिला लिहिलं. आतापर्यंत तीनदा. ती नाही म्हणते. मला वाटलं मी तिला वळवीन, म्हणून तुझ्यापासून लपवलं. आणि तू निघालीस तेव्हा तुला अडवायची माझी छाती झाली नाही. माझी छाती कधीच होत नाही. त्या दिवशी पण झाली नव्हती. मी तुझ्या दारात आलो होतो अक्का, तुला माहीत नाही. ती पायरीवर बसली होती, आतून मुंगी रडत होती, आणि तुझ्या पॉलिश पेपरचा आवाज येत होता, खर्र खर्र. ती म्हणाली, मामा, तुम्ही सांगा ना. मी म्हटलं, अक्काचा राग उतरू दे, आणि दुकानात जाऊन बसलो. बटणं लावत बसलो.

शेवटच्या घरात जा. अकरावं. घराच्या मागे जुना घोड्यांचा तबेला आहे, आता तिथे लाकडाची दुरुस्ती होते. एक वाजता जेवायची सुट्टी. ती डबा घेऊन मागच्या बाजूला समुद्राच्या कठड्यावर बसते. तिकडे जायला तिकीट लागत नाही.

शपथ मोडली. आता ती पण माझ्याशी बोलणार नाही.

धाकटा


बुधवार, १९ तारीख

धाकट्या,

तुझ्याशी काय ते घरी आल्यावर. आधी हे वाच, आणि सोबतचा कागद आजच वकीलबाईंना नेऊन दे. हातात दे. टेबलावर ठेवून येऊ नको.

काल एक वाजता गेले. कठड्यावर होती. केस कापलेत. बोटं चपडीने तपकिरी, माझ्यासारखीच. मला बघून उठली नाही, दचकली पण नाही.

"टेबलाखाली गेलीस तेव्हाच कळलं मला," म्हणाली. "तबेल्यात सगळे हसत होते. मी पण हसले."

"मग भेटायला नाही आलीस."

"नाही."

मी म्हटलं, सोमवारी कोर्ट आहे, चल. मुंगीला त्या माणसाकडे जाऊ देणार आहेस का? तिने डब्याचं झाकण लावलं. म्हणाली, "मी जाऊ देतेय? तू वकीलबाईंना काय लिहून दिलंयस ते मामाने मला पाठवलं. 'पोर सांभाळणं जमेना म्हणून आई स्वखुशीने घर सोडून गेली.' तुझा कागद कोर्टात माझ्याविरुद्ध आधीच जाऊन बसलाय. न्यायाधीश विचारतील, चार वर्षं पोर टाकून का गेलीस. मी काय सांगू? माझी आई खोटं बोलते म्हणून?"

"सांग की."

"नाही सांगणार. भर कोर्टात तुला खोटं पाडणार नाही मी. आणि मी पोर टाकली असं पण म्हणणार नाही. म्हणून येत नाही."

आता इथे मी काय बोलायला हवं होतं हे शेंबड्या पोराला पण कळलं असतं. मी म्हटलं, "पण ते कपाट तू बिघडवलं होतंस."

ती उठली आणि आत गेली. दोन आठवडे कुंपणांकडेने धावून शोधलेली लेक मी एका वाक्यात घालवली.

मी तिथेच बसले. समोर समुद्र, मागे ते घर, सगळ्या खिडक्या समुद्राकडे. लोक वरच्या सज्जात उभे राहून समुद्र बघत होते, खाली मी होते. मला आत्तापर्यंत कोणी खोटी म्हटलं नाही, कारण मी तसं म्हणायला कोणाला वेळच दिला नाही. वकीलबाईंनी विचारलं, दोन शब्दांत मिटवलं. तू विचारायचास, तुला गप्प केलं. मुंगी विचारायची, तर म्हणायचे, येईल. पोर पाच वर्षांची असल्यापासून ऐकतेय, येईल.

सज्जातून उतरलेल्या एका माणसाकडे कागद मागितला. त्याच्याकडे घराची माहिती छापलेलं पत्रक होतं, मागची बाजू कोरी. त्याच्यावर लिहिलं. गुडघ्यावर ठेवून लिहिलंय, अक्षर खराब आहे, वकीलबाईंना म्हणावं चालवून घ्या. सरळ लिहिलंय. की नवऱ्याने मारलं म्हणून माझी मुलगी पोरीला घेऊन माझ्याकडे आली. माझ्याच दुकानात काम करत होती. एका गिऱ्हाईकाच्या कपाटावर तिने स्पिरिट सांडलं, रात्ररात्र झोप नव्हती तिला. मी म्हटलं, तुझ्या हाताला वळण नाही आणि संसारालाही नाही, चालती हो, पोर इथे ठेव, तिला तरी मी वळण लावते. पोर तिच्या कडेवरून ओढून घेतली. सकाळीच तिला बाहेर काढलं आणि कडी घातली. ती तासभर दार वाजवत होती. मी ऐकू येऊ नये म्हणून लाकूड घासत राहिले. पुढे तिने दोनदा पत्र लिहिलं, घ्यायला येते म्हणून. मी पत्रं चुलीत घातली. तिने पोर टाकली नाही. मी घेतली.

पाच वाजता तबेला सुटला. फाटकाशी उभी होते, वर्दीतला माझ्याकडे बघत होता. ती आली. मी कागद पुढे केला. उभ्यानेच वाचला. मग दोनदा वाचला. कानामागची पेन्सिल काढली, आणि मला वाटलं फाडते की काय. एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाली, "तासभर नाही. दुपारी गल्लीतली शाळा सुटेपर्यंत होते मी पायरीवर."

मला माहीत नव्हतं. खरं म्हणजे माहीत होतं, दाराच्या फटीतून सावली दिसत होती. मी तासभर खोडलं आणि शाळा सुटेपर्यंत केलं. तिने पेन्सिल परत कानामागे लावली.

मग त्या मुख्य बाईकडे जाऊन आली. तीन दिवसांची रजा मिळाली. बाईने विचारलं म्हणे, ती टेबलाखालची तुझी कोण? तर सांगितलं, आई.

आता नीट ऐक. ती शनिवारी सकाळच्या गाडीने निघते. माझ्याबरोबर एका गाडीत बसणार नाही म्हणाली. मी कारण विचारलं नाही. मी दुपारच्या गाडीने येते. तू तिला घ्यायला जा, मला घ्यायला येऊ नको, मला रस्ता माहीत आहे. मुंगीला आधीपासून काही शिकवून ठेवू नको. दोघींना बसू दे, मधे मधे टाके घालू नको. तिने काही खाल्लं नाही तर आग्रह नको.

वकीलबाईंना विचार, हा कागद चालेल ना, का मी तिथे उभी राहून वाचायचा. मोठ्याने वाचीन. बापाच्या वकिलाने काही विचारलं तर त्याचंही उत्तर देईन. न्यायाधीशाने ऐकलं नाही तर काय करायचं हे मला माहीत नाही. पहिल्यांदाच माहीत नाही.

मुंगीची शाळेची पुस्तकं एका पिशवीत भर, दाखला काढायला काय लागतं ते विचारून ठेव. इथे तबेल्यापासून दहा मिनिटांवर शाळा आहे, मी काल बघून आले. पोरीला सर्दी लवकर होते, समुद्राचा वारा बाधेल, कान झाकणारी टोपी तूच शीव. कागदात शेवटी लिहिलंय, पोर तिच्या आईकडे द्यावी. माझ्याकडे असं कुठे चुकून लिहिलं गेलंय का ते देण्याआधी एकदा बघून घे. असेल तर खोड.

अक्का